तीन मजली भांडं आणि वीसपैकी अकरा

ती. वन्संच्या सेवेशी,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'आम्ही सर्व मजेत, तुम्हीही मजेत असाल' असं लिहायची पद्धत आहे. पण आम्ही सर्व मजेत नाही, आणि तुम्ही मजेत आहात हे मला शनिवारच्या फोनवरच कळलं, तेव्हा ते वाक्य गाळते. तुमचा गुडघा कसा आहे? (फोनवर तुम्ही डाव्या गुडघ्याबद्दल बोललात. मागच्या खेपेला उजवा होता. दोन्ही दुखत असतील तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मला काळजी नीट वाटून करता येईल.) तुम्ही विणून पाठवलेला स्वेटर पोचला. नातीला तो होत नाही, मलाही होत नाही, पण चहाच्या किटलीवर अगदी बेतल्यासारखा बसतो. एका बाहीतून तोटी बाहेर येते, दुसरीतून कान. चहा बराच वेळ गरम राहतो. तेव्हा मेहनत वाया गेली असं मनात आणू नका.

फोनवर तुम्ही विचारलंत, वहिनी, दर शनिवारी तुमच्याकडे कसला गोंधळ असतो, आणि मी 'काही नाही' म्हणून फोन ठेवला. तुम्हाला राग आला असेल. पण त्या क्षणी माझ्या हातात एका दंतवैद्य बाईनं कापलेलं गाजर होतं आणि मी ते उजेडात धरून बघत होते. आता निवांत बसून सगळं सांगते. जरा धीर मात्र धरा, कारण मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. (मिशनच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी उत्तर बरोबर देते, पण वाटेत सगळ्या गावाला भेटून येते.)

चिरंजीवांची तुमच्या शहरात बदली झाल्याचं तुम्हाला सांगायला नको. दर रविवारी ते तुमच्याच टेबलावर जेवतात आणि नंतर इथे फोन करून आत्याच्या हातच्या चवीबद्दल बोलतात. (बोलू देत. माझ्या घरी तेच चिरंजीव वर्तमानपत्रात तोंड खुपसून जेवायचे आणि शेवटी विचारायचे, काय होतं गं आज?) ते गेल्यापासून घरात आम्ही तिघी. मी, सूनबाई आणि नात, जिला मी भिंगरी म्हणते, कारण ती एका जागी थांबलेली मी फक्त तापात पाहिली आहे. त्यातच सूनबाईचं ऑफिस बंद पडलं. मग नवरा-बायकोनं फोनवर ठरवलं, की भिंगरीची सहामाही होईपर्यंत वाट बघायची. तोवर सूनबाईच्या नव्या धंद्याचा जम बसला आणि कंपनीनं तिला विभागप्रमुख केलं, तर मायलेकी इथेच राहतील. नाहीतर बिऱ्हाड उचलून तिकडे. हे मला कुणी सांगितलं नाही. आमच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान अजून चांगले आहेत. त्या दिवशी मी ओटा पुसला, आणि मग पुन्हा पुसला, आणि आणखी एकदा फडकं हातात घेतलं तेव्हा भिंगरी म्हणाली, "आजी, तो कुठे पळून नाही जाणार."

धंदा भांडी विकण्याचा. दुकानात नव्हे, पार्टीत. भांड्यांची पार्टी ही काय भानगड, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. एक बाई, जिला यजमानीण म्हणायचं, आपल्या ओळखीच्या बायकांना घरी बोलावते. सूनबाई भांडं घेऊन तिथे जाते, सगळ्यांसमोर त्यात स्वयंपाक करून दाखवते, बायका खातात, वाहवा करतात आणि भांडं मागवतात. यजमानणीला कंपनीकडून एक उलथनं फुकट. असं सगळं माहितीपत्रकात. माझं मत तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या शाळेतही सिस्टर कधीमधी लिमलेटच्या गोळ्या वाटायच्या, पण गोळी तोंडात गेल्यावर दाराला कडी घालून 'आता बरणी कोण घेणार?' असं कधी विचारलं नाही.

भांडं तीन मजली. स्टीलचे तीन डबे एकावर एक आणि वर काचेचं झाकण. खाली बटाटे, मधे भाज्या, वर केक, आणि सगळं एकाच गॅसवर, एकाच वाफेवर. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं आहे, मी त्याला मनोरा म्हणते. भांडं वाईट नाही हो. तळ जाड, मुठी पक्क्या, झाकण घट्ट. फक्त एका मजल्याचा वास दुसऱ्या मजल्याला लागत नाही असं जे छापलं आहे, ती शुद्ध थाप. मधे कोबी असेल तर वरचा केक तुमच्याशी कोबीच्या भाषेत बोलतो. मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्या पाया पडते, हे बाहेर बोलू नका." मी बोलले नाही. (तेव्हा.)

आता सूनबाई तुम्हाला माहीतच आहे. स्वभावानं गरीब, आवाज मऊ, कुणी पायावर पाय दिला तर हीच 'सॉरी' म्हणणार. अशा माणसानं विकायला काढायचं म्हणजे उशीविरुद्ध कुस्ती खेळायला उशीलाच उतरवण्यासारखं. बायका जमायच्या, पोटभर खायच्या, किती छान गं म्हणायच्या, कृती विचारून घ्यायच्या, उरलेला केक मुलांसाठी रुमालात बांधून न्यायच्या, आणि भांड्याचा विषय निघाला की म्हणायच्या, ह्यांना विचारून सांगते. वन्सं, ज्या बायका नवऱ्याला न विचारता सगळं घर रंगवून घेतात, त्या एका पातेल्यासाठी एकाएकी पतिव्रता होतात! पार्ट्या होत राहिल्या आणि मनोरे आमच्या पलंगाखाली साठत राहिले. भिंगरीनं त्यांच्यावर चादर अंथरून आपलं दुकान मांडलं. तिचा धंदा आईपेक्षा बरा चालला होता. (गिऱ्हाईक मी. उधारी नाही चालायची.)

मग विक्री वाढवायला कंपनीनं एक प्रशिक्षक बाई पाठवली. मी तिला टाळीबाई म्हणते, कारण तिच्या प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या असतात. पहिल्या दिवशी तिनं पाणी मागितलं, आणि सूनबाईनं पाणी आणल्यावर त्यालाही टाळ्या झाल्या. आमच्या बाहेरच्या खोलीत बसून तिनं सूनबाईला धडे दिले. 'घेणार का?' असं कधी विचारायचं नाही, 'कुठल्या रंगाच्या मुठीचं देऊ?' असं विचारायचं. भांडं टेबलावर ठेवायचं नाही, गिऱ्हाइकाच्या मांडीवर द्यायचं, म्हणजे परत करताना तिला आपलं मूल दुसऱ्याच्या हाती दिल्यासारखं वाटतं. (एका पार्टीत सूनबाईनं गडबडीत गरम भांडं दिलं. त्या बाईला तसं काही वाटलं नाही. तिनं ते मूल ताबडतोब टाकलं.) आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे स्वप्न. प्रत्येकीला डोळे मिटायला सांगायचं आणि विचारायचं, मनोऱ्यामुळे रोजचा जो वेळ वाचेल त्यात तुम्ही काय कराल? कंपनीच्या हिशेबानं बायकांनी चित्रकला, गाणं, नाहीतर फिरायला जाणं असं काहीतरी सांगायचं असतं.

हा प्रयोग झाला शेजारच्या शिंपीणबाईच्या घरी. (ही कपडे शिवते. हात सोन्यासारखा, जीभ तिच्या कात्रीसारखी.) सगळ्या डोळे मिटून बसल्या. पहिली म्हणाली, झोपेन. दुसरी म्हणाली, झोपेन. तिसरी काही बोललीच नाही, कारण ती झोपली होती. टाळीबाईनं टाळ्या वाजवून तिला उठवलं तर ती दचकून उभी राहिली आणि म्हणाली, "भरते, डबा भरते, दोन मिनिटं!" त्या दिवशी एकही भांडं गेलं नाही, पण झोप सगळ्यांची छान झाली.

टाळीबाईनं निष्कर्ष काढला की परक्या घरात सूनबाई बुजते, तेव्हा पुढची पार्टी आपल्याच घरी. घरगुती ऊब वगैरे. आणि एक अट. ती तिनं पार्टीच्या दिवशी, बायका यायच्या आधी, माझ्यासमोर, माझ्याच खुर्चीत बसून घातली. ज्येष्ठ व्यक्ती खोलीत असली की गिऱ्हाईक मोकळं होत नाही, तेव्हा काकूंनी तेवढा वेळ आत बसावं, काकूंनी वाईट वाटून घेऊ नये. काकूंनी! माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी तुम्हाला लिहीत नाही, तुमचा रक्तदाब वाढेल. (आनंदानं वाढेल, हे मला माहीत आहे.) पण मी सूनबाईकडे बघितलं. तिनं खास त्या दिवसासाठी नवे पडदे शिवून आणले होते आणि ती त्यांच्या चुण्या सारख्या करत होती. सहामाही तोंडावर आली होती. मी उठले आणि आत जाऊन बसले. दार पुरतं लावलं नाही, एवढंच.

वन्सं, मी सारी हयात शाळेत गृहशास्त्र शिकवलं आणि प्रात्यक्षिक परीक्षांना परीक्षक म्हणून शाळाशाळांतून फिरले. (तुम्हाला हे माहीत आहे. पण तुम्ही चारचौघांत 'आमची वहिनी मुलींना स्वयंपाक करायला लावायची' असं सांगता, म्हणून पुन्हा लिहिते.) आत पलंगावर पुस्तक उघडून बसले. बाहेर टाळीबाई म्हणाली, आज आपण पाहुण्यांनाच स्वयंपाक करू देऊ, हात लागला की मन लागतं. टाळ्या. मग सुऱ्यांचे आवाज सुरू झाले. कापणी कशी चालली आहे हे मला आवाजावरून कळतं. एक सुरी फळीवर एका लयीत पडत होती. दुसरी पडत होती, थांबत होती, घसरत होती, पुन्हा पडत होती. मी पान उलटलं. मग झाकण उचलल्याचा आवाज आला. म्हटलं ठीक आहे, माणूस एकदा डोकावतं. थोड्या वेळानं पुन्हा. मी दात आवळले. मग पुन्हा झाकण निघालं, कुणीतरी "अय्या, फुगतोय बघ!" म्हणालं आणि माझ्या तोंडून, मला न विचारता, निघून गेलं:

"झाकण!"

बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज. दारातून बघते तो अर्ध्या बायका उभ्या! आमच्या गल्लीतल्या बऱ्याचशा बायका माझ्या वर्गातून गेल्या आहेत. मी विसरले होते, त्या विसरल्या नव्हत्या. दंतवैद्य बाई, जी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते आणि कुणाच्या बापाला भीत नाही, तिनं हातातलं झाकण पाठीमागे लपवलं होतं.

इथे शहाणी बाई 'चालू द्या' म्हणून परत आत गेली असती. पण माझे पाय टेबलाकडे वळले. सवय. दोन्ही हात मागे बांधून मी एका टोकापासून चालत गेले. दंतवैद्य बाईच्या फळीवरचा गाजराचा तुकडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. तिच्या डब्यातली वाफवलेली भाजी चमच्यानं चाखली. आणि म्हणाले, "कापणी असमान. मीठ सगळं एका कोपऱ्यात. झाकण सारखं उघडलं. वीसपैकी अकरा."

टाळीबाईचे हात टाळीसाठी वर गेले होते ते तसेच राहिले. सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती, पडद्यांकडे बघत होती. मी मनात म्हटलं, झालं. घालवलंस, म्हातारे. आता खोकी आणून बांधाबांध करायला घे.

तेवढ्यात दंतवैद्य बाई पुटपुटली, "बाई, असमान कुठे आहे?"

"हा तुकडा आणि हा तुकडा शेजारी ठेव आणि मला सांग, हे भाऊ-भाऊ वाटतात का?"

तिनं बघितलं. "चुलत वाटतात." मग हळूच, "साडेअकरा तरी द्या ना."

"आणि माझे किती?" शिंपीणबाईनं आपली फळी पुढे सरकवली.

"चौदा. कापणी सुरेख. पण चव न घेता वाढायला निघालीस."

"हिला चौदा?" दंतवैद्य बाईचा आवाज चढला. "शाळेत माझं बघून लिहायची ही!"

"अगं, मी मापात कापते," शिंपीणबाई म्हणाली. "तुला उपटायची सवय, त्याला मी काय करू?"

मग जो कल्ला उसळला तो काय सांगू! हिला इतके का, तिला तितके कसे. वरच्या मजल्यावरची वकीलबाई, जी माझी विद्यार्थिनी नाही आणि जिनं तोवर सुरीला हातही लावला नव्हता, उभी राहून म्हणाली की मला कुणी तपासलंच नाही, हा सरळसरळ अन्याय आहे. टाळीबाईनं 'मैत्रिणींनो' म्हणून तीनदा सुरुवात केली, तिचं कुणी ऐकेना. शेवटी दंतवैद्य बाईनं सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, लग्न झाल्यापासून रोज रांधतेय, मीठ विसरलं तरच घरात कळतं की कुणीतरी स्वयंपाक करतं. आज पहिल्यांदा कुणी माझा तुकडा उजेडात धरून बघितला, आणि त्यातही अकरा? मी हे सोडणार नाही. फेरपरीक्षा कधी?

मी म्हणाले, "पुढच्या शनिवारी. याच भांड्यात. सराव करून या."

"सराव कशात करू? माझ्याकडे हे भांडं कुठाय?"

टाळीबाईनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी आमची सूनबाई, जी पायावर पाय पडला तरी सॉरी म्हणते, तिचा मऊ आवाज आला: "कुठल्या रंगाच्या मुठीचं देऊ?"

पलंगाखालचे सगळे मनोरे त्या संध्याकाळी गेले. भिंगरीचं दुकान बुडालं. तिनं नुकसानभरपाई मागितली, मी केकच्या कडा दिल्या.

त्यानंतरचे शनिवार म्हणजे काय विचारता! बायका सांगून सांगून बायका आणू लागल्या. लेखी नाही, नुसतं प्रात्यक्षिक आणि तोंडी. केस बांधलेले, नखं कापलेली, कोपर टेबलावर नको. तोंडी परीक्षेत माझा ठरलेला प्रश्न: केक वरच्या मजल्यावर असेल तर कोबी कुठल्या मजल्यावर ठेवाल? बरोबर उत्तर: दुसऱ्या दिवशी. (टाळीबाई पहिल्यांदा हे ऐकून मटकन खाली बसली. कंपनीची थाप मी भर सभेत फोडली म्हणून. पण त्याचा परिणाम असा झाला की बायका म्हणू लागल्या, भांड्याची खोड उघड सांगतात, म्हणजे बाकीचं खरं असणार.) वकीलबाईनं आपले मार्क पटले नाहीत म्हणून फेरतपासणीचा अर्ज केला आणि पुरावा म्हणून थंड झालेली भाजी डब्यात घालून आणली. तिचं म्हणणं, चूक तिची नाही, बटाट्याची. मी म्हणाले, बटाटा निर्दोष आहे, त्याला तू न उकडता सोडून दिलंस. तिनं अपील मागे घेतलं आणि दोन भांडी घेतली, एक बहिणीला. बहिणीला कमी मार्क पडावेत अशी तिची मनापासून इच्छा होती.

मग टाळीबाईला नवी कल्पना सुचली. काकू, अकराला एवढी विक्री होते तर वीसला किती होईल? सगळ्यांना वीसपैकी वीस द्या. मी म्हणाले, त्यापेक्षा मी चौकात बसून आशीर्वाद वाटते. पण सूनबाईच्या डोळ्यांत सहामाही दिसत होती, आणि टाळीबाई कंपनीचा माणूस, तिला दुखवून चालणार नव्हतं. एका शनिवारी मी दगड खाल्ल्यासारखं तोंड करून सगळ्यांना एकोणीस आणि वीस दिले. करपलेल्या केकला वीस! सिस्टरांनी वरून पाहिलं असेल तर त्यांनी माळ खाली ठेवली असेल. बायका खूश झाल्या, एकमेकींना मिठ्या मारल्या, आणि एकीनंही भांडं घेतलं नाही. का घेतील? वीस मिळाल्यावर सराव कशाचा करायचा? जाताना शिंपीणबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" पुढच्या शनिवारी मी तिला साडेबारा दिले, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. टाळीबाईनं पुन्हा कधी मार्कांत तोंड घातलं नाही. आता ती दाराशी बसून हजेरी घेते.

सहामाहीच्या आधी कंपनीचे मोठे साहेब स्वतः बघायला आले. नुसते बसले असते तर मी चहा दिला असता, पण त्यांनी झाकणाला हात लावला, म्हणून मी त्यांनाही ॲप्रन बांधायला लावला. त्यांना नऊ पडले. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, दहाला पास ना? मी म्हणाले, हो. ते गाडीत बसेपर्यंत त्या एका मार्काबद्दल बोलत होते.

काल त्यांच्या ऑफिसातून फोन आला. सूनबाई विभागप्रमुख झाली. सगळ्यात जास्त विक्री तिची. मी ऐकलं आणि, तुम्हाला खरं सांगते, खुर्चीवर बसून आधी चष्मा पुसला. मग तिनं पुढचं सांगितलं. इथला विभाग आता नीट चालतो आहे, तो टाळीबाई सांभाळेल. जिथे अजून काहीच नाही तिथे चांगलं माणूस पाठवायचं असं साहेबांनी ठरवलं आहे. तिला दिलेला विभाग म्हणजे तुमचं शहर.

म्हणजे बघा वन्सं, धंदा बुडाला असता तर ती गेली असती, म्हणून मी तो वर काढला. आता तो वर आला म्हणून ती जाते आहे. चिरंजीवांनी फोनवर इतका जल्लोष केला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. भिंगरी तर पलंगावर उड्या मारते आहे, तिला बाबा मिळणार. मी सूनबाईचं अभिनंदन केलं आणि तिच्यासाठी केक केला. (कोबी नव्हता.) चांगलंच झालं. नवरा-बायकोनं एकत्र राहावं, लेकराला बाप रोज दिसावा, याहून दुसरं काय हवं? माझं म्हणाल तर मला शेवटी शांतता मिळेल. घर माझं, खुर्ची माझी, रेडिओ हवा तेवढा मोठा. शनिवारी सकाळी उठून मी काहीही करणार नाही, आणि संध्याकाळी काहीही न केल्याबद्दल कुणाला सांगावंही लागणार नाही. मी अतिशय समाधानी आहे. तुम्हालाही आता जवळ माणसं मिळतील. सूनबाईला सांभाळून घ्या, ती कमी बोलते. भिंगरीला दूध कोमट लागतं.

गुडघ्यांना (लागू असेल त्या) शेक देत जा. चुकलंमाकलं पोटात घाला, पोटात जागा नसेल तर फोनवर बोला.

तुमची,
वहिनी

ता. क. एक राहिलंच. चिरंजीवांच्या घरचं स्वयंपाकघर इतकं अरुंद आहे की त्यात एका वेळी एकच माणूस मावतं, आणि तेही आडवं नाही. तिथे पार्टी अशक्य. तेव्हा तुमची पुढची खोली दर शनिवारी लागेल. तिला मोठी खिडकी आहे, तुकडे बघायला उजेड छान येतो. शिवाय तुमच्या बोळाच्या टोकाला जी छोटी खोली आहे, जिच्यात तुम्ही मोडक्या छत्र्या आणि रद्दी भरून ठेवली आहे, तीही रिकामी करून ठेवा. एक पलंग बसेल एवढी. कशाला ते विचारू नका.

दुसरा ता. क. विचारणारच तुम्ही, म्हणून सांगते. सूनबाईनं मला 'चला' म्हटलेलं नाही. कालपासून ती नुसती झाडांना पाणी कोण घालेल, दूधवाल्याला काय सांगायचं, जादा किल्ली वकीलबाईकडे ठेवायची का, हेच विचारते आहे. याचा अर्थ मी इथेच राहणार हे तिनं धरून चाललं आहे. आता सासूनं सुनेला 'मला पण ने' म्हणायचं का? मेले तरी म्हणणार नाही. तेव्हा तुम्ही तिला पत्र लिहा, अगदी आपल्या मनानं सुचल्यासारखं. 'वहिनीला एकटी ठेवू नकोस' असं लिहू नका, मला कुणाची दया नको. 'मुलीला आजीची सवय आहे' असंही नको, ते वाचून मला रडू येईल, आणि पत्र ती मला वाचून दाखवणार. असं लिहा: इथल्या बायका फार हुशार आहेत, साध्यासुध्या परीक्षकाला त्या जुमानणार नाहीत. आणि नेहमीसारख्या गिचमिड अक्षरात लिहा, म्हणजे तिला ते दोनदा वाचावं लागेल.

तिसरा ता. क. सूनबाईला पत्र लिहू नका! पाकीट चिकटवायला घेतलं आणि ती आत आली. बराच वेळ पडद्यांच्या घड्या घालत राहिली, मग उलगडून पुन्हा घातल्या. शेवटी म्हणाली, "आई, तिकडचं घर लहान आहे, तुम्हाला इथली सवय, कसं विचारावं ते कळत नाही, म्हणून कालपासून झाडांचंच विचारत बसलेय." मागून भिंगरी ओरडली, "आजी, आई तुला घाबरते. मी विचारते. येतेस का?" मी म्हणाले, विचार करून सांगते. (एवढ्या वर्षांची शिस्त एका मिनिटात कशी मोडणार?) त्यावर सूनबाईनं ठरवलं आहे, की रविवारी आत्यांना फोन करून त्यांनाच गळ घालायची, म्हणजे मी ऐकेन. हे पत्र मी आजच टाकते, तोवर तुम्हाला मिळेल. तिच्याशी बोलताना तुम्हाला यातलं काहीही माहीत नाही. हसायचं तर नाहीच. मग मला फोन करा आणि चांगला आग्रह करा. मी नाही म्हणेन. पण एकदाच म्हणेन. तेवढ्यावर 'बरं, जशी तुमची मर्जी' म्हणून फोन ठेवून देऊ नका, तुम्हाला ती खोड आहे.